लंडनशी उभा दावा

यवतमाळात बसून लंडनच्या दुकानदारांशी उभा दावा मांडणारं माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि ते माणूस म्हणजे आमच्या मॅडम. ज्या दुकानदारांवर त्यांचा राग होता, त्यांना मरून अडीचशे वर्षं होऊन गेली होती, पण मॅडमचा राग काही थंड व्हायला तयार नव्हता. दुपारचं जेवण झालं की त्या आर्णी रोडवरून ऑटोनं माझ्या छापखान्यात यायच्या, कटिंग मशीनशेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढायच्या आणि पर्स मांडीवर ठेवायच्या आधीच सुरू व्हायच्या. "काय सांगू तुले, त्या मुडद्यानं पुन्हा तेच केलं!" मुडदा म्हणजे लंडनचा एक पुस्तकविक्रेता. आणि पुन्हा केलं म्हणजे मॅडमनी सकाळी त्याच्याबद्दल पुन्हा वाचलं, एवढंच. पण त्या अशा तावातावानं सांगायच्या की पत्रिका छापायला आलेलं गिऱ्हाईक काळजीनं विचारायचं, "पोलिसात दिलं का मग त्याले?"

मॅडम आयुष्यभर इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता अठराव्या शतकात लंडनमध्ये पुस्तकं लिहिणाऱ्या बायका, आणि ती पुस्तकं छापणारे, विकणारे, त्यावर गब्बर होणारे लोक. ती इंग्रजी नावं माझ्या जिभेवर काही केल्या बसत नाहीत, म्हणून आम्ही त्या बायकांना आपली घरगुती नावं दिली होती. एक तुरुंगवाली. तिचा नवरा कर्ज बुडवून तुरुंगात बसलेला, घरात लेकरंच लेकरं, आणि ही बाई कादंबऱ्या लिहून सगळ्यांची पोटं भरायची. नवरा तुरुंगात बसूनही तिच्या कमाईवर हक्क सांगायचा, कारण कायद्यानं बायकोची कमाई नवऱ्याची. दुसरी टोपलीवाली. पाहुणे आले की ती लिहिलेले कागद शिवणाच्या टोपलीत दडवायची, पोरगी लिहिते म्हणून घराची शोभा होऊ नये म्हणून. आणि बऱ्याच जणींना तर नाव द्यायची सोयच नव्हती. त्यांच्या पुस्तकावर लेखिकेच्या जागी 'एका बाईकडून' एवढंच छापलेलं असायचं. मॅडम त्यांना 'आपल्या त्या एक बाई' म्हणायच्या. अशा पुष्कळ एक बाई होत्या, आणि मॅडमना त्या सगळ्या वेगवेगळ्या ओळखू यायच्या.

छापखाना माझा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक आत आले की माझ्या नवऱ्याकडे बघतात आणि 'मालक, पत्रिका छापायची होती' म्हणतात. मालक नाही तो. छापखाना माझ्या बाबांचा, बाबांनंतर माझा. हा माणूस लग्न करून इथं आला, बाइंडिंग शिकला आणि रमला. सारी गल्ली त्याला जावईबापू म्हणते आणि त्याला ते आवडतं. मॅडमना पहिल्यांदा हे कळलं तेव्हा त्यांनी मला मिठीच मारली. "अवं, तू तर लंडनची छापखानेवाली विधवा निघाली!" जावईबापू कोपऱ्यात चहा पीत होता. त्याला असा ठसका लागला की पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मॅडमनी मग त्याला शांतपणे समजावून सांगितलं. त्या काळी तिकडे बाईच्या नावावर छापखाना म्हणजे बहुतेक वेळा नवरा मेल्यावरच. तोवर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची ती, गिऱ्हाईक सांभाळायची ती, आणि पाटी मात्र त्याची. नवरा गेला की पाटीवर तिचं नाव चढायचं, आणि धंदा आधीपेक्षा बरा चालायचा. "मग मी काय करू म्हणता, मॅडम?" नवऱ्यानं कप खाली ठेवून विचारलं. "तुम्ही काही करू नका, जावईबापू. तुम्ही बसा," मॅडम म्हणाल्या, "तुमचं नशीब की तुम्ही यवतमाळात जन्मले." तेव्हापासून आमच्यात कसलंही भांडण झालं की नवरा सुस्कारा टाकून म्हणतो, "आपण लंडनमध्ये असतो तर आतापर्यंत सुटली असती तू."

एकदा मी मॅडमसोबत एसटीनं वणीला गेले होते. मॅडमचे वडील तिथल्या कोळसा खाणीत कामाला होते, घर तिथंच, आणि आता त्या घरात त्यांची धाकटी बहीण राहते. शेजारच्या सीटवरच्या बाईनं सहज विचारलं, "काय वाचून राह्यल्या ताई?" झालं! मॅडमनी पुस्तक मिटलं आणि तुरुंगवालीची गोष्ट सुरू केली, तीही अस्सल वऱ्हाडीत. नवरा आत, लेकरं उपाशी, बाईनं कादंबरी लिहिली, दुकानदारानं हातावर चार पैसे टेकवून कायमचे हक्क लिहून घेतले, आणि मग तीच कादंबरी वर्षानुवर्षं छापत राहिला, बाईला फुटकी कवडी दिली नाही. मागच्या सीटवरची माणसं पुढं झुकली. एक म्हातारा म्हणाला, "पण कागदावर अंगठा कायले देला तिनं?" "अंगठा नाही बावा, सही. शिकलेली होती ते." "मंग तं अजूनच वाईट," म्हातारा हळहळला. कंडक्टर तिकिटाचं मशीन काखेत धरून उभाच राहिला होता. "कोर्टात काहून नाही गेली ते बाई?" मॅडम म्हणाल्या, "जाईल कशी? लग्न झालेल्या बाईचं म्हणणं कोर्ट ऐकूनच घेत नव्हतं. नवऱ्यानं जावं म्हणे. अन् नवरा तर तुरुंगात!" "अरे बाप्पा," कंडक्टर म्हणाला, "कोणत्या गावची म्हणता?" "लंडनची." "अन् केव्हाची गोष्ट?" "झाले की अडीचशे वर्षं." मी खिडकीबाहेर पाहायला लागले, म्हटलं आता हे सगळे हसणार आणि मॅडमचं तोंड उतरणार. तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "ते होऊ द्या. पण पैसे द्यायले पाह्यजे होते त्यानं." साऱ्या बसनं मान डोलावली. वणीच्या स्टँडवर उतरताना मॅडमचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. "नोकरीत इतका चांगला वर्ग कधी भेटला नाही मले," त्या म्हणाल्या, आणि आम्हा दोघींना उसाचा रस पाजला.

लंडनचं नुसतं बोलून त्या थांबत नसत, तिथले रिवाज त्या यवतमाळात चालवून पाहायच्या. त्या काळी तिकडे कादंबरी तीन भागांत निघायची. पुस्तकं भाड्यानं देणाऱ्या वाचनालयांना ते सोयीचं, कारण एकच कादंबरी एका वेळी तीन घरी फिरते. मॅडमना ही कल्पना इतकी आवडली की एक दिवस त्या विटेएवढी जाड मराठी कादंबरी घेऊन आल्या आणि नवऱ्यासमोर ठेवली. "जावईबापू, हिचे तीन करा." बाइंडरच्या हातून चांगलं पुस्तक कापवून घेणं म्हणजे शिंप्याला नवा कोट फाडायला सांगण्यासारखं आहे. त्यानं दोनदा पुस्तक उचललं, दोनदा खाली ठेवलं, आणि शेवटी डोळे मिटून मशीनचा दांडा ओढला. मॅडमनी पहिला भाग कॉलनीतल्या नर्सबाईंना दिला, दुसरा पोस्टमनच्या बायकोला आणि तिसरा समोरच्या आजींना. पहिले दोन भाग हळूहळू पुढं सरकत होते, पण आजींनी तिसऱ्यापासूनच सुरुवात करून तो आठवड्यात वाचून टाकला. कथा कुठून सुरू झाली ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण कोण मरतं ते ठाऊक होतं, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी सारी कॉलनी नाचवली. "लोणच्याची बरणी आणते का, का सांगून टाकू?" असं त्या कुंपणावरून ओरडायच्या. नर्सबाईंनी तर धास्तीनं त्यांची शुगर फुकट तपासून दिली. मॅडमना याचं कोण कौतुक! "वाचनालय चाललं तुझ्या नवऱ्याच्या हातगुणानं," असं त्या मला येऊन सांगून गेल्या.

त्यांच्या दाव्याचा खरा बळी मात्र चौकातले पुस्तकवाले चाचा. चाचा म्हणजे साधा, हसतमुख माणूस. गाईड, वह्या, कंपासपेट्या विकतो आणि शाळेच्या सुट्टीत आजारी पडतो. मॅडम कित्येक वर्षं त्यांच्या दुकानाची पायरी चढत नव्हत्या, आणि रस्त्यात दिसले तर मान फिरवायच्या. "बेटी, आपला कसूर तरी सांगा म्हणावं मॅडमले," चाचा मला काकुळतीनं म्हणायचे. मी मॅडमना विचारलं. त्यांनी एका पुस्तकातलं चित्र उघडून दाखवलं. मुडदा पुस्तकविक्रेता, केसांचा टोप घातलेला. आणि खरंच सांगते, टोप काढला असता तर चाचाच! तेच गाल, तीच दुमडलेली हनुवटी, ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू. "मॅडम, यात चाचांचा काय गुन्हा?" मी म्हटलं. "गुन्हा नाही गं, मले समजते. पण तो चेहरा दिसला की माझं रक्त उसळते, त्याले मी काय करू?" चाचा बिचारे दर दिवाळीला त्यांच्या घरी नव्या वर्षाचं कॅलेंडर पाठवत राहिले.

असं हसतखेळत चाललं होतं. मग एक दिवस मॅडमनी पिशवीतून एक जाडजूड बाड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पुस्तक होतं, मराठीत लिहिलेलं, त्या सगळ्या बायकांवरचं. नोकरी, वडिलांचं आजारपण, बहिणीचं लग्न हे सगळं उरकता उरकता लिहिलेलं. त्यांनी ते एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकाला पाठवलं होतं आणि ते परत आलं होतं. विषय वेगळा आहे पण याला वाचक कोण, असं त्यानं विचारलं होतं, आणि शेवटी गोड शब्दांत सल्ला दिला होता की आपण आपल्या समाजाबद्दल, आपल्या अनुभवांबद्दल काही लिहिलंत तर आम्ही जरूर विचार करू. मॅडमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आडनाव वाचलं की आपल्याकडे लोकांना त्या माणसाचं घर, वस्ती, चूल, सगळंच कळल्यासारखं वाटतं. मॅडमना मी एरवी ओरडताना पाहिलं होतं, त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. "जन्मभर हेच चालू आहे पाय," त्या म्हणाल्या. "मी ज्या कागदावर नाव लिहिते, त्या कागदावरचं बाकीचं कोणी वाचतच नाही. आडनाव वाचते अन् मले सांगते, तुमच्या लोकांचं लिहा. अवं, माझे लोक कोणते ते मी ठरवीन ना! माझ्या बापानं कोळसा उपसला, म्हणून काय मी सात जन्म कोळशावरच लिहू? ते तुरुंगवाली माझ्याच घरची हाय." मला इतका संताप आला की त्या प्रकाशकाला तिथल्या तिथं फोन लावून चार शब्द सुनावावेसे वाटले. मॅडमनी मोबाइल माझ्या हातून काढून घेतला. त्यांचं सगळं ठरलं होतं. पुस्तक आपणच छापायचं, आणि पहिल्या पानावर लेखिकेच्या जागी छापायचं, 'एका बाईकडून'. "आधी पुस्तक वाचू दे लोकाईले. आडनाव त्याईच्या हातीच लागलं नाही पाह्यजे."

मला ते मुळीच पटलं नाही. लंडनच्या बायकांना इलाज नव्हता हो, पण इतक्या वर्षांचं हे काम, ज्यात आमच्या मॅडमचं सारं आयुष्य गेलं, ते एका बाईचं म्हणून बाहेर जाणार? तेव्हापासून पुस्तकाच्या कागदाची, कव्हरची, कसलीही गोष्ट निघाली की माझ्या डोक्यात एवढंच यायचं: पहिल्या पानावर नाव येणार की नाही. मी एकदा बोलून पाहिलं, दोनदा भांडून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तू छापणारी आहेस. छाप."

छपाईच्या खर्चावरही लंडनचाच उपाय निघाला. दुकानदाराच्या दाढेतून सुटायला तिकडच्या बायका आधीच ग्राहक गोळा करायच्या. ज्यानं आगाऊ पैसे दिले त्याचं नाव पुस्तकाच्या सुरुवातीला यादीत छापायचं. तिकडच्या यादीत सरदार, दरकदार आणि त्यांच्या बायका असायच्या. "आपल्याकडे कोण येईल?" मॅडमना शंका होती. मला नव्हती. माझा सगळा जन्म लग्नपत्रिका छापण्यात गेलाय, छापलेलं नाव बघायला माणूस कुठून कुठून येतं ते मला विचारा. मॅडमनी फक्त एवढंच जाहीर केलं, की नाव स्वतःचंच पाहिजे असं नाही, ज्याला ज्याचं द्यायचं त्याचं द्या. आणि लोक आले! गावाबाहेर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कारखान्यात जाणाऱ्या बाया आल्या, वणीहून ट्रकवाल्याच्या हाती पाकीट आलं. आपल्या साहेबांचा फोटो कोणत्या पानावर येणार, असं एका पुढाऱ्याचा माणूस विचारून गेला, आणि फोटो नाही म्हटल्यावर "मंग नाव कायले पाह्यजे?" म्हणून चालता झाला. काकाचं नाव मामाच्या आधी पाहिजे म्हणून एका घरातली माणसं माझ्या काउंटरवर भांडली, तेव्हा मॅडमनी निकाल दिला की नावं अकारविल्हे लागतील, इथं कोणी मोठा नाही आणि कोणी लहान नाही. एकानं चाचरत विचारलं, "मॅडम, आई वारली माझी. चालते का?" "चालते की," मॅडम म्हणाल्या, "लंडनच्या तर साऱ्याच वारल्या." आणि एका सकाळी चाचा आले. पुस्तकं विकण्यात जन्म गेलेल्या त्या माणसानं माझ्यासमोर आपल्या अम्मीचं नाव सांगितलं, सावकाश, पूर्ण. असं छापलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं, म्हणाले. मॅडम तिथंच होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "चाचा, तुमचा काही दोष नाही. दोष त्या चेहऱ्याचा हाय," त्या म्हणाल्या. "चेहरा तर अल्लानं दिला मॅडम, आपण नुसता वापरून राह्यलो," चाचा म्हणाले. त्या दिवशी तो दावा मिटला.

यादीचं पहिलं प्रूफ निघालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. संगणकावर जुळणी जावईबापूची. बिचाऱ्यानं जन्मात पत्रिकाच जुळवलेल्या, कोऱ्या पानावर काम सुरू करायची त्याला सवयच नाही. मॅडम बौद्ध, म्हणून त्यानं मोठ्या आदरानं बुद्धाचं चित्र असलेली तयार चौकट निवडली आणि तिच्यात सारी नावं ओतली. चौकटीतला आधीचा मजकूर काढायचा तेवढा राहिला. मॅडमच्या हातात कागद गेला. वर बुद्ध, त्याखाली ठळक अक्षरांत 'मंगल परिणय', त्याखाली यवतमाळ जिल्ह्यातले ग्राहक, आणि सगळ्यात खाली बाळगोपाळांची 'किलबिल': आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं! मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. त्या कागदाकडे बघतच राहिल्या. आणि मग त्या जे हसत सुटल्या! हसता हसता खुर्चीवरून घसरल्या, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा कागद पाहिला, पुन्हा हसल्या. "जावईबापू, माझ्या बहिणीनं जन्मभर खटपट केली, तिले जमलं नाही ते तुम्ही एका दुपारी करून दाखवलं!" नवरा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. मॅडमनी ते प्रूफ घरी नेलं आणि फ्रेम करून लावलं.

पण पहिल्या पानाचं प्रूफ जसंच्या तसं होतं. 'एका बाईकडून'. त्यावर त्यांनी बरोबरची खूण करून दिली होती.

आता माझी करामत सांगते, लपवायचं काही कारण नाही. मॅडमच्या जुन्या विद्यार्थिनींचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. कोणी शिक्षिका, कोणी तलाठी, कोणी दवाखान्यात, कोणी घरीच. एकीच्या पोरीच्या बारशाची कार्डं छापायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, "पुस्तक तर छापून राह्यलो, पण तुमच्या मॅडमचं नाव नाही येणार त्यावर." का, तेही सांगितलं. दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर पैसे यायला लागले, आणि प्रत्येक पैशासोबत ग्राहकाचं नाव. मॅडमना मी कळू दिलं नाही. नवऱ्याला म्हटलं, "जसं आलं तसं जुळवा. अकारविल्हे."

शेवटचं प्रूफ वाचायला मॅडम आल्या तेव्हा भर दुपार होती, मशीन बंद होतं, जावईबापू छापून झालेल्या मोठ्या कागदांचे फर्मे दुमडत बसला होता. मॅडमचं प्रूफ वाचणं म्हणजे गहू निवडणं. लाल पेन हातात, ओठ हलताहेत, एक काना सुटायचा नाही. यादी वाचत वाचत त्या एका पानावर आल्या आणि थांबल्या. अकारविल्हे क्रमानं तिथं त्यांचं स्वतःचं नाव होतं, आडनावासकट. त्याखाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा. सगळं पान वरपासून खालपर्यंत त्या एका नावानं भरलेलं, आणि पान उलटलं तर पलीकडेही तेच. "हे काय वं?" मॅडम म्हणाल्या. "मशीन अटकली का तुझी?"

"मशीन चांगली आहे, मॅडम. हे ग्राहक आहेत."

"इतके?"

"पोरी आहेत तुमच्या. ज्याला ज्याचं द्यायचं त्याचं नाव द्या, असं तुम्हीच म्हटलं होतं."

मॅडमनी लाल पेन उचललं. पहिलं नाव ठेवलं आणि दुसऱ्यावर काट मारायला गेल्या. मी कागदावर हात ठेवला. "ते नाही काटता येणार. ते एका बाईनं विकत घेतलं आहे."

"अवं, लोक हसतील! लंडनचा ड्यूकसुद्धा यादीत एकदाच छापला जायचा. हे काय पुस्तक म्हणावं का? आडनावाचा असा बाजार मांडला..." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि ते पान बोटानं वरून खाली वाचायला लागल्या, एकेक ओळ, जणू प्रत्येक ओळीत वेगळंच नाव होतं. "ही कोणाची?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मी माझी यादी पाहून सांगितलं, ती आर्णीची शिक्षिका. "पहिल्या बाकावर बसायची," मॅडम म्हणाल्या. "अन् ही?" ती तलाठी. "हिले इंग्रजी बिलकुल येत नव्हतं. रडायची." असं करत करत त्या तळापर्यंत गेल्या. जावईबापूनं कागद दुमडणं थांबवलं होतं. मला रडू यायला लागलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, "यातल्या कोणीच आडनाव गाळलं नाही."

"नाही, मॅडम. एकीनंही नाही."

त्यांनी प्रूफाचा गठ्ठा उलटा केला, पहिलं पान वर काढलं, 'एका बाईकडून' या शब्दांवर लाल काट मारली आणि बाजूला आपलं नाव लिहिलं. पूर्ण. फळ्यावर लिहायच्या त्याच सुंदर अक्षरात. "एवढं मोठं करून छापू नको," पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या. "अन् त्या पोट्ट्यांना सांग, आता यादीत आपापली नावं द्या म्हणा. स्वतःची. एका पुस्तकात मी एकदा आली तेवढं पुरे." मी त्यातलं निम्मंच ऐकलं. मोठं करूनच छापलं.

मॅडम आता वणीला असतात. गुडघे दुखतात, बहीण आता एकटी पडली आहे, आणि रोज ऑटोनं यायचं कोणाला जमतं? पुस्तकाचं काम संपलं तेव्हा मला वाटलं होतं की आता निवांत गप्पा होतील, पण काम संपलं आणि त्याच उन्हाळ्यात त्या तिकडे राहायला गेल्या. जाताना वणीचा पत्ता मला वहीत लिहून घ्यायला लावला. कटिंग मशीनशेजारी आता पत्रिकेची गिऱ्हाईकं बसतात, हळद कधी, जेवण किती वाजता, हे सांगतात. लंडनची बातमी कोणी आणत नाही. कधी कधी नवराच मध्ये थांबून म्हणतो, "काय करत असंल गं तो मुडदा?" आणि मग मी वणीला फोन लावते. फोन केला की मॅडम विचारतात, पुस्तक कोणी घेते का? घेतात. बहुतेक जण आधी यादी उघडतात, आपली आई शोधतात, नावावरून बोट फिरवतात आणि मग पुढचं पान उलटतात. काही जण नाहीही उलटत.

आणि हे वाचणारे तुम्ही मला म्हणाल, एवढं सगळं सांगितलं, पण मॅडमचं नाव काही सांगितलं नाही. नाहीच सांगितलं. त्यासाठी यवतमाळला या, चौकात चाचांचं दुकान विचारा, आणि पुस्तक मागा. पहिल्याच पानावर आहे, आडनावासकट.